बर्फ थांबून दोन दिवस झाले, आता वर जाऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा जणांचा गट आहे, सगळ्यांचा बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स झालाय, उन्हाळ्यात हिमालयातल्या दोन-तीन खिंडी ओलांडून झाल्यात. आता फेब्रुवारीच्या अखेरीस मनालीहून धुंदीमार्गे बियास कुंडाकडे जायचं, वर तीन-चार दिवस तंबू टाकून राहायचं आणि जमलं तर 4,000 मीटरच्या आसपासची एखादी धार गाठायची. बुलेटिनमध्ये हिमस्खलनाचा धोका ‘मध्यम’ असेल आणि बर्फ थांबून 48 तास झाले असतील तर निघायचं, असा नियम तुम्ही ठरवलाय. तो पुरेसा आहे का?

पुरेसा नाही. तो एका प्रकारच्या धोक्याला बरोबर लागू पडतो, आणि दुसरा, जास्त फसवा प्रकार त्याच्या हातून निसटतो. तुम्ही नियम ठरवून विचारताय हे चांगलं आहे. बहुतेक गट तारखा ठरवून, तिकिटं काढून मग विचारतात.

आधी नियमाची चांगली बाजू. जोराची हिमवृष्टी चालू असताना आणि त्यानंतरचे दीड-दोन दिवस ताजा थर अस्थिर असतो. मग स्फटिकांची टोकं झिजतात, कण एकमेकांना चिकटतात, थर आपल्याच वजनाने बसतो. तापमान शून्याच्या थोडंसं खाली असेल तर हे लवकर होतं, उणे 15-20 असेल तर रेंगाळतं. म्हणजे धुंदीला, 3,000 मीटरवर, दोन दिवसांत बसलेलं बर्फ वर उत्तरेकडच्या सावलीत चार-पाच दिवसांनीही भुसभुशीतच असू शकतं. तरी ताज्या बर्फापुरता तुमचा नियम मी मान्य करतो. 24 तासांत 30 सेंटिमीटरच्या वर पडलं, किंवा कमी पडूनही वारा जोरात होता, तर त्यानंतर दोन दिवस उताराखाली किंवा उतारावर जायचं नाही.

आता दुसरा प्रकार. माणसं मारणारी बहुतेक हिमस्खलनं स्लॅबची असतात. वरचा सलग, एकसंध थर एका रेषेत तडकतो आणि अख्खा सुटून खाली येतो. त्यासाठी सलग थर हवा, त्याच्या खाली कमकुवत थर हवा, आणि उतार पुरेसा हवा. मग लागतो फक्त धक्का. जिथे माणसं गाडली जातात तिथे तो धक्का दहापैकी साधारण नऊ वेळा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी दिलेला असतो. इथे प्रश्न येतो की तो कमकुवत थर कधीचा आहे. कालच्या हिमवृष्टीतला असेल तर दोन-तीन दिवसांत सुधारतो. वाऱ्याने रचलेल्या थराखालचा असेल तर काही दिवस, कधी आठवडा. डिसेंबरातला असेल तर फेब्रुवारी संपेपर्यंत तिथेच असतो, आणि त्याला तुमच्या 48 तासांशी काही देणंघेणं नसतं.

तो डिसेंबरात तयार कसा होतो, हे नीट समजून घ्या, कारण पश्चिम हिमालयातला सगळा डाव इथे आहे. आपल्याकडचं हिवाळी बर्फ वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांमुळे पडतं. डिसेंबर ते मार्च महिन्याला साधारण चार ते सहा येतात, पण सगळे जोरदार नसतात आणि मध्ये दोन-तीन आठवडे कोरडे जाणं नेहमीचं. समजा, नोव्हेंबरअखेर 50 सेंटिमीटर बर्फ पडलं आणि नंतर आकाश मोकळं राहिलं. जमिनीत उन्हाळ्याची ऊब असते, त्यामुळे बर्फाचा तळ शून्य अंशाच्या जवळपास राहतो. रात्री पृष्ठभाग उणे 15 पर्यंत उतरतो. पन्नास सेंटिमीटरमध्ये 15 अंशांचा फरक, म्हणजे दर 10 सेंटिमीटरला तीन अंश. हा फरक दर 10 सेंटिमीटरला एक अंशाच्या वर गेला की बर्फातली वाफ खालून वर सरकायला लागते, आणि गोलसर, एकमेकांना धरून राहणाऱ्या कणांऐवजी कंगोरे असलेले सुटे कण वाढू लागतात. यांना फॅसेट म्हणतात. आणखी काही आठवडे गेले की तळाशी डेप्थ होअर तयार होतं: मोठे, पेल्याच्या आकाराचे, रेघारेघांचे स्फटिक. मुठीत दाबून गोळा होतो का पाहा. होत नाही, भरड साखरेसारखं बोटांतून गळून जातं.

आता याच थरावर जानेवारीत मीटरभर बर्फ येऊन पडलं की काय होईल, ते सांगायला नको. त्यातही गंमत अशी की तोच डिसेंबरातला थर दीड मीटर जाड असता तर फरक दर 10 सेंटिमीटरला एक अंशावर आला असता आणि तळ इतका बिघडला नसता. म्हणून ‘यंदा बर्फ कमी पडलंय, धोकाही कमी असेल’ हा हिशेब उलटा आहे. कमी बर्फाचा, थंड, निरभ्र डिसेंबर आणि मग जोराचा फेब्रुवारी, ही मला सर्वात न आवडणारी जोडी.

2023-24 चा हिवाळा आठवा. जानेवारीच्या मध्यापर्यंत गुलमर्गला जमीन उघडी होती, तपकिरी गवताचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते. काश्मीरमधलं कडक थंडीचं चिल्लई कलान, 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस, जवळजवळ कोरडं गेलं. बर्फ आलं ते जानेवारी संपताना आणि नंतर फेब्रुवारीत भरभरून. अशा वर्षी खालचे उतार उघडे असतात, पण उंचावर सावलीच्या बाजूला थोडंफार जुनं बर्फ उरलेलं असतंच, आणि ते महिनाभर आतून पोकळ होत बसतं. 22 फेब्रुवारी 2024 ला गुलमर्गच्या वरच्या अफरवत डोंगराच्या उतारांवर हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीअर गेला. त्याच्या आदल्या वर्षी, 1 फेब्रुवारी 2023 ला, तिथेच दोन पोलिश स्कीअर गेले होते. तिथल्या गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, वरच्या स्टेशनपासून थोड्या अंतरावर गस्ती पथकाने राखलेला भाग संपतो आणि मोकळा डोंगर सुरू होतो. बर्फाला ती सीमा दिसत नाही, माणसालाही बऱ्याचदा दिसत नाही.

तळाचा थर ही एकच भानगड नाही. निरभ्र, दमट रात्री पृष्ठभागावर पातळ चकचकीत स्फटिक उगवतात, त्याला सरफेस होअर म्हणतात. सकाळी उन्हात फार देखणं दिसतं, आणि पुढच्या हिमवृष्टीखाली गाडलं गेलं की तोच कमकुवत थर होतो. उन्हाने वितळून रात्री गोठलेली पापुद्र्याची कवचंही त्रास देतात, कारण त्यांच्या वर-खाली फॅसेट लवकर वाढतात. याचा अर्थ तुमची तयारी निघायच्या आठवड्यात सुरू होऊन चालणार नाही. नोव्हेंबरपासून एक वही ठेवा: मनाली, सोलंग, केलाँग इथे बर्फ कधी पडलं, किती पडलं, मध्ये किती दिवस कोरडे गेले, थंडी किती होती. हवामान खात्याच्या नोंदींवरून हे घरबसल्या होतं आणि वर पोचल्यावर कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

जागेचाही फरक समजून घ्या. भारतातले हिमतज्ज्ञ पश्चिम हिमालयाचे बर्फाच्या स्वभावानुसार तीन पट्टे मानतात. पीर पंजालचा पट्टा त्यातला उबदार: बर्फ भरपूर आणि जड, हिमस्खलनं मुख्यतः हिमवृष्टी चालू असताना किंवा लगेच नंतर. मधला, मुख्य हिमालयाचा पट्टा थंड. आणि काराकोरमचा पट्टा सर्वात थंड: बर्फ कमी, कोरडं, तळाचे थर हंगामभर नाजूक. मनाली ते सिस्सू या प्रवासात तुम्ही अटल बोगद्याच्या नऊ किलोमीटरमध्ये एका हिवाळ्यातून दुसऱ्या हिवाळ्यात जाता. धुंदीच्या बाजूने ‘दोन दिवसांत बसतं’ म्हणून जो अनुभव गाठीला येतो तो बोगद्यापलीकडे, लाहौलच्या बाजूला वापरायचा नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलात भर हिवाळ्यात माणसं सहज पोचतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. तुमचं बियास कुंड पीर पंजालच्या दक्षिण अंगाला आहे, पण 3,700 मीटरच्या वरच्या उत्तरमुखी खोबणींत बर्फ लाहौलसारखंच वागू शकतं.

बुलेटिनबद्दल. चंदीगडची डीआरडीओची प्रयोगशाळा, डीजीआरई, हे बुलेटिन काढते. पूर्वी हेच काम 1969 मध्ये स्थापन झालेली सासे करत असे. बुलेटिन रोज वाचा, पण त्यात काय असतं आणि काय नसतं ते ओळखून वाचा. त्यात जिल्हा असतो, उंची असते, म्हणजे ‘अमुक जिल्ह्यात 2,400 मीटरच्या वर’, आणि पुढच्या 24 तासांची पातळी असते. तुमचा उतार, त्याची दिशा, त्याखालचा थर यातलं काही त्यात नसतं. ‘मध्यम’ म्हणजे जिल्ह्यातले बहुतेक उतार ठीक आणि काही उतार माणसाच्या वजनाने सुटतील असे. ते ‘काही’ कोणते, ते शोधणं तुमचं काम. आणि पातळी वर गेली तर ती जिल्हाभराची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा सडक संघटनेच्या कॅम्पवर हिमस्खलन आलं, 54 कामगार सापडले, आठ जण गेले. आदल्या संध्याकाळीच चमोलीसह उत्तराखंडच्या पाच जिल्ह्यांसाठी 2,400 मीटरच्या वर धोक्याचा इशारा निघाला होता. त्या कॅम्पमधली माणसं कुठलाही उतार चढत नव्हती. ती राहत होती.

म्हणून आता तंबूच्या जागेकडे येतो, कारण तुमच्या बेतात मला सर्वात जास्त खटकलं ते हेच. धारेवर चढताना माणूस सावध असतो. तंबूत दहा-बारा तास निवांत पडलेला असतो. हिमस्खलन सुटतं तीव्र उतारावर, पण थांबतं खाली सपाटीवर, आणि मोठं असेल तर सपाटी ओलांडून समोरच्या अंगावरही चढतं. जागा तपासायची साधी रीत: तंबूच्या जागी उभं राहून समोरच्या उताराच्या सर्वात वरच्या, बर्फ साठणाऱ्या भागाकडे फोनच्या क्लिनोमीटरने कोन मोजा. तो 25 अंशांहून जास्त असेल तर तिथे राहायचं नाही. 18 ते 25 असेल तर मोठ्या हिमस्खलनाची पोच तिथवर असू शकते. 18 च्या खाली असेल तर बरं. हे सगळ्या बाजूंनी करा, एकाच बाजूने नाही. बियास कुंडाकडची दरी अरुंद आणि दोन्हीकडे उंच भिंती. तिथे हा कोन समाधानकारक निघेल अशा जागा फार नाहीत. उन्हाळ्यात तंबू पडतात ती हिरवी सपाटी हिवाळ्यात चांगली असेलच असं नाही. ती सपाट का झाली आणि तिथे झाडं का नाहीत, हे विचारायचं असतं.

झाडांकडे बघायला शिका. पश्चिम हिमालयात साधारण 3,300 ते 3,600 मीटरपर्यंत जंगल असतं. देवदार-रईच्या दाट जंगलात मध्येच वरून खाली गेलेली मोकळी पट्टी दिसली, त्यात फक्त झुडपं किंवा वाकलेली, बुंध्यापासून खाली झुकलेली भूर्जाची झाडं असली, तर तो हिमस्खलनाचा रोजचा रस्ता आहे. भूर्ज लवचिक असतो, वाकून जगतो, देवदार मोडतो. कडेच्या झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या खरवडून निघालेल्या असतील तर किती उंचीपर्यंत बर्फ आलं होतं तेही कळतं.

सह्याद्रीत हाडं घडलेल्या माणसाची एक सवय इथे घातक ठरते. आपल्याला नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, दिसली की वाट दिसते. घाटमाथ्यावर जायचं तर नाळेतून जायचं, सोंडेवर कारवीत कोण घुसणार. हिमालयात हिवाळ्यात बरोब्बर उलटं करायचं. नाळ म्हणजे वरच्या सगळ्या बर्फाचा निचरा, आणि तिथे थोडंसं बर्फ आलं तरी ते साचून माणसाला खोल गाडतं. सोंड धरा, सोंडेचाही बोथट माथा धरा. वाऱ्याने झोडपून जिथे दगड आणि गवत उघडं पडलंय, तिथे चालणं कष्टाचं असेल, पण तिथे सुटायला काही नसतं. धारेच्या टोकाशी मात्र जाऊ नका. वाऱ्याआडच्या बाजूला कॉर्निस, म्हणजे बर्फाचा छज्जा, लोंबत असतो आणि तो आपल्या अंदाजापेक्षा बराच मागून तुटतो.

वारा आणि ऊन हे दोन्ही विषय इथेच उरकतो. बर्फ थांबलं म्हणजे भर पडणं थांबलं असं नाही. वारा एका बाजूचं बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकत असतो, आणि आकाशातून पडतं त्याच्या कितीतरी पट वेगाने. धारांवरून पांढरा धूर उडताना दिसला की समजायचं, वाऱ्याआडच्या उतारांवर आत्ता, निरभ्र उन्हात, स्लॅब रचला जातोय. तुमचे 48 तास तेव्हा पुन्हा शून्यापासून मोजायचे. उन्हाचं म्हणाल तर आल्प्समधल्या पुस्तकांचे हिशेब इथे जसेच्या तसे वापरू नका. आपण 32-33 अक्षांशावर आहोत. फेब्रुवारीअखेर दुपारी सूर्य 48-49 अंशांवर असतो, म्हणजे 40 अंशांच्या दक्षिणमुखी उतारावर किरणं जवळजवळ लंब पडतात. सकाळी दहापर्यंत कडक असलेला उतार बारा वाजता पाणी सोडायला लागतो. वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, पाय घोट्याच्या वर बुडायला लागला, की दक्षिण आणि पश्चिम बाजू सोडायची. या उतारांवरचं काम पहाटे सुरू करून अकराच्या आत संपलेलं असावं.

आता मुख्य गोष्ट, उताराचा कोन. स्लॅब हिमस्खलनं बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, सर्वात जास्त 38 च्या आसपास. पंचवीसच्या खाली जवळजवळ सुटत नाहीत. बर्फाच्या पोटात काय आहे याबद्दल तुम्ही, मी, बुलेटिन, सगळे अंदाजच करतो. कोन मात्र मोजता येतो. म्हणून माझा सल्ला असा की पहिली दोन-तीन वर्षं थरांबद्दल शिकत राहा, पण निर्णय कोनावर घ्या: 30 च्या वर पाय ठेवायचा नाही, आणि 30 च्या वरच्या उताराच्या खालूनही रेंगाळत जायचं नाही. हे ‘खालून’ महत्त्वाचं आहे. जुना कमकुवत थर असेल तर सपाटीवर चालणाऱ्या माणसाच्या वजनाने थर बसतो, ती मोड थरातून वर पळत जाते आणि शंभर मीटरवरचा उतार सुटतो.

घरी नकाशावर हे असं काढायचं. 1:50,000 च्या नकाशावर 200 मीटरच्या उंचीफरकाच्या दोन समोच्च रेषांमधलं अंतर 7 मिलिमीटरपेक्षा कमी भरलं, तर तो उतार सरासरी 30 अंशांहून तीव्र. चार मिलिमीटर भरलं तर 45. मोबाइलमधल्या नकाशांवर उतार रंगवून मिळतो, तोही बघा, पण आपल्या भागासाठी त्यामागची उंचीची माहिती बहुतेक वेळा 30 मीटरच्या चौकटींची असते. वीस मीटर उंचीचा, 40 अंशांचा टप्पा त्यात विरघळून 28 अंशांचा दिसतो, आणि माणूस मारायला वीस मीटरचा उतार पुरतो. जागेवर पोचल्यावर ट्रेकिंग पोल उतारावर आडवा टाका, त्यावर फोन ठेवा, आकडा वाचा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दमलेला माणूस 25 ला 40 म्हणतो आणि उतरायची घाई झालेला माणूस 40 ला 30 म्हणतो.

खड्डा खणून थर बघणं तुम्हाला कोर्समध्ये दाखवलं असेल. जरूर खणा, पण आपल्याला जायचंय त्या उताराशी दिशा, उंची आणि कोन जुळेल अशा सुरक्षित छोट्या उतारावर. थर हाताने दाबून बघा: मूठ जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी. वर एका बोटाचा घट्ट थर आणि त्याखाली मूठ सहज जाईल असा थर, अशी उलटी रचना दिसली की पुढची चाचणी करायचीही गरज नाही. चाचणीच करायची तर 30 बाय 90 सेंटिमीटरचा खांब कापून, एका टोकाला फावडं ठेवून, मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 असे ठोके द्या. तडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम पळाला तर परत फिरा. नाही पळाला तर त्यावरून ‘जा’ असा अर्थ काढू नका, कारण दहा मीटरवर थर वेगळा असू शकतो. खड्डा फक्त नकार देण्यासाठी वापरायचा. परवानगी देण्यासाठी वापरणारे गट मी पाहिलेत. त्यांना हवं ते उत्तर मिळेपर्यंत ते खड्डे खणत राहतात.

खड्ड्यापेक्षा मोठ्याने बोलणाऱ्या खुणा असतात. आसपास ताजं हिमस्खलन दिसणं. पायाखाली ‘धुप्प’ असा दबका आवाज येऊन सगळा पृष्ठभाग किंचित खाली बसणं. पावलापासून तडे पळणं. यातलं एक जरी दिसलं तर त्या दिशेचे, त्या उंचीचे सगळे तीव्र उतार त्या दिवसापुरते बंद. यात चर्चा करायची नसते.

आता माणसांबद्दल. गावातल्या गाइडला ‘सेफ है क्या?’ विचाराल तर ‘हाँ जी, ठीक है’ हेच ऐकायला मिळेल. त्यात त्याचा दोष नाही. तुम्ही त्याचे पाहुणे आहात आणि त्याची रोजची कमाई तुमच्यावर अवलंबून आहे. विचारायचं असं: गेल्या वर्षी कुठून आलं होतं? तुमच्या वडिलांच्या वेळी कुठपर्यंत आलं होतं? या महिन्यात मेंढरं किंवा लाकडं न्यायला तुम्ही या नाल्यातून जाल का? या प्रश्नांना नेमकी उत्तरं मिळतात. हिमाचल-उत्तराखंडात लोक ‘इधर ग्लेशियर आता है’ म्हणतात तेव्हा ते हिमस्खलनाबद्दलच बोलत असतात, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या गटाचा स्वतःचा धोका वेगळा आहे. सहाही जणांचा अनुभव सारखा, मैत्री जुनी, रजा मोजकी. अशा गटात पहिला ‘नको’ म्हणणं फार जड जातं. निघण्याआधीच ठरवा की कुणाही एकाने नको म्हटलं की परतायचं, कारण विचारायचं नाही, नंतर चेष्टा करायची नाही. आणि संशयाचा उतार ओलांडावाच लागला तर एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्याकडे बघत. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा-2 वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक शिखराखालच्या उतारावर हिमस्खलनात सापडले. 27 मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. हे हिवाळ्यातलं नव्हतं, ऑक्टोबरमधलं होतं, आणि ती शिकलेली, शिकवणारी माणसं होती.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे. दोन बीकन सहा जणांत असणं म्हणजे चौघांकडे नसणं. गाडलेल्या माणसाला 10-15 मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता चांगली असते; अर्ध्या तासानंतर ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. थांबलेलं बर्फ काही क्षणांत इतकं घट्ट होतं की स्वतःचं बोटही हलत नाही. मीटरभर खोल गाडलेल्याला काढायला टनभर बर्फ उपसावं लागतं, म्हणून प्लास्टिकचं फावडं नको, अॅल्युमिनियमचं हवं, आणि खणायचं ते प्रोबच्या खालच्या अंगाने, आडवं आत. सियाचीनमध्ये 2016 साली लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले होते, ते उदाहरण कुणीतरी नेहमी देतं. ते तंबूत होते, हवेची पोकळी मिळाली होती. त्यांच्याबरोबरचे नऊ जवान गेले आणि तेही काही दिवसांत गेले. हेलिकॉप्टर, एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती दल), आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांना पोचायला काही तास लागतात, हवामान बिघडलं तर दिवस. तुमची सुटका म्हणजे तुमचेच उरलेले सोबती. मनालीत पोचल्यावर एक अख्खा दिवस फक्त बीकन शोधण्याचा सराव करा, हातमोजे घालून, घड्याळ लावून. फोन, पॉवरबँक, कॅमेरा बीकनपासून 20 सेंटिमीटर दूर, शोध चालू असताना 50.

सॅटेलाइट मेसेंजर परदेशातून मागवायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि विमानतळावर लोकांना अटका झाल्यात. त्याऐवजी मनालीत एका जबाबदार माणसाकडे तुमची वाट, परतायची वेळ आणि ‘या वेळेपर्यंत आलो नाही तर कळवा’ अशी वेळ लिहून ठेवा. हिवाळ्यात जिल्हा प्रशासन उंचावरच्या ट्रेकवर अनेकदा बंदी घालतं, तेव्हा कुल्लूच्या कार्यालयात आधी विचारा. बंदी असेल तर विषय तिथेच संपला.

तर तुमच्या बेताचं काय? मी तो असा बदलीन. बियास कुंडाच्या आतला मुक्काम रद्द. राहायचं सोलंगच्या आसपास, छपराखाली, आणि तिथून दिवसाच्या दिवसात जंगलातल्या सोंडांवर चढून उतरायचं, 25-28 अंशांच्या आत. पहिले दोन दिवस वर जायची घाई न करता खड्डे, कोन, बीकन. वहीत कोरडा डिसेंबर आणि जोराचा फेब्रुवारी अशी नोंद असेल तर झाडांच्या वर जायचंच नाही, बुलेटिन काहीही म्हणो. डिसेंबरपासून बर्फ नियमित पडत आलं असेल, गेल्या आठवड्यात मोठी भर नसेल, वारा नसेल, तर एखादा उघडा बोथट माथा गाठायला हरकत नाही. धार गाठायची हौस मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये भागवा, जेव्हा बर्फ रात्री दगडासारखं गोठतं आणि पहाटे तीनला निघून नऊला परत येता येतं. तेव्हाही आदल्या रात्री आकाश ढगाळ राहिलं असेल तर बर्फ गोठलेलं नसतं, आणि गजर बंद करून पुन्हा झोपायचं असतं.

बीकन भाड्याने घेणार असाल तर त्यातल्या बॅटऱ्या काढून नव्या अल्कलाइन घाला, रिचार्जेबल नकोत. आणि बीकन कुठल्या वर्षाचा आहे ते विचारून घ्या. तीन अँटेनांचा नसेल तर घेऊ नका.